वॉटर पोलोत सेंटर फॉरवर्डने फाऊल कसा मिळवावा?

निळी टोपी:
नमस्कार. या हंगामापासून प्रशिक्षकांनी मला सेंटर फॉरवर्डच्या, म्हणजे समोरच्या संघाच्या गोलपुढे राहणाऱ्या आक्रमकाच्या, जागी खेळायला सांगितले आहे. चेंडू माझ्याकडे आला की मागचा बचावपटू दोन्ही खांद्यांवर भार टाकून मला खाली दाबतो, मी चेंडू घट्ट धरून ठेवतो, आणि तरीही शिट्टी वाजत नाही. गेल्या सामन्यात तर त्याने हात दाबल्यामुळे चेंडू पाण्याखाली गेला आणि फाऊल माझ्याच नावावर लागला. वरच्या दर्जाचे सेंटर फॉरवर्ड एका सामन्यात समोरच्या संघाचे दोन-तीन खेळाडू तात्पुरते खेळाबाहेर काढवतात, ते नेमके काय करतात?

जुना बचावपटू:
आपल्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच वाक्यात आहे: ‘चेंडू घट्ट धरून ठेवतो’. चेंडू ज्याच्या हातात आहे त्याला धरणे, ओढणे, दाबणे हे सारे नियमाने चालते आणि अशा झटापटीत चेंडू पाण्याखाली गेला, तर बचावपटूने हात दाबला असला तरी फाऊल चेंडूवाल्याचाच धरला जातो. हात चेंडूवरून सुटला की मात्र तीच पकड बचावपटूला बाहेर पाठवू शकते. मी अनेक वर्षे होलमध्ये, म्हणजे गोलपुढच्या या जागेत, बचाव केला आहे, म्हणून त्या क्षणाची भीती मला ठाऊक आहे: समोरच्याने चेंडू वीतभर पुढे सरकवला, पंजा उघडून पाण्यावर आणला, आणि माझी बोटे अजून त्याच्या दंडावर रुतलेलीच होती. पकड सोडायला मला अर्धा सेकंद लागला आणि तेवढ्यात शिट्टी वाजली. अर्थात चेंडू फार आधी सोडला तर बचावपटू तो हिसकावून घेतो. त्याचा भार पाठीवर पूर्ण आल्याचे जाणवेपर्यंत थांबावे.

पंचाच्या नजरेतून:
वरील मताशी मी सहमत आहे. काठावरून मी प्रथम हात पाहतो. आक्रमकाचे दोन्ही तळवे पाण्यावर उघडे असतील आणि तरीही तो मागे खेचला जात असेल, तर निर्णय सोपा होतो. त्याचा एक हात पाण्याखाली बचावपटूचा पोशाख ओढत असेल, तर फाऊल त्याच्याच विरुद्ध जातो. खोटे बुडून दाखवू नये, कारण फाऊल झाल्याचे सोंग करणे हाच स्वतंत्र फाऊल आहे आणि एकदा तशी ओळख झाली की खरी पकडही संशयास्पद वाटू लागते. एक मोठी संधी बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. २०१९ च्या नियमबदलानंतर, गोलपासून सहा मीटरच्या आत गोलकडे तोंड करून चेंडूसह निघालेल्या खेळाडूला फटका मारताना मागून अडवले आणि बचावपटूचा स्पर्श केवळ चेंडूला झालेला नसेल, तर पाच मीटरवरून पेनल्टी मिळते. म्हणून बचावपटू एका बाजूला झुकला की त्याच्या विरुद्ध बाजूने वळण्याचा सराव करावा.

डावखुरा:
यात पास देणाऱ्याचा वाटा मोठा आहे, त्याकडे कोणी लक्ष देत नाही याची मला खंत वाटते. चेंडू थेट हातात न देता, सेंटरच्या मोकळ्या बाजूला, हातभर अंतरावर पाण्यावर पडला पाहिजे. तो घ्यायला सेंटर झेपावतो तेव्हा चेंडू अद्याप कोणाच्याच हातात नसतो, त्यामुळे मागून ओढणाऱ्याला निसटायला वाट उरत नाही. बाहेरच्या खेळाडूंसाठीही हेच तंत्र आहे. फाऊल आणि चेंडू दोन्ही सहा मीटरच्या बाहेर असतील तर फ्री थ्रोवर (फाऊलनंतर मिळणाऱ्या फेकीवर) सरळ गोलवर फटका मारता येतो, म्हणून तिथे मिळालेला साधा फाऊलही मोलाचा असतो.

निळी टोपी:
सर्वांचे मनापासून आभार. दोन्ही तळवे वर ठेवले की मी बुडू लागतो, त्यावर काय करावे?

जुना बचावपटू:
तो दोष पायांचा आहे. दोन्ही कोपरे पाण्याबाहेर ठेवून एगबीटर (तरंगत राहण्यासाठी पाय आळीपाळीने गोल फिरवणे) मारत तीस-तीस सेकंदांच्या फेऱ्या रोज कराव्यात, आणि नंतर तेच, मागे सहकाऱ्याला खांद्यावर भार टाकायला सांगून करावे. गुडघे रुंद आणि कंबर त्याच्या पोटाला टेकलेली असेल, तर हातांची गरजच पडत नाही.