बंगळूर ते कोल्हापूर, स्पोर्ट बाईकवर जमेल का?

(कोल्हापुरातल्या सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा, नावांच्या जागी फ्लॅट नंबर)

ए-३०२ : नमस्कार सगळ्यांना. बंगळूरला नोकरी लागलीय, पुढच्या महिन्यात रुजू होतोय. दीड-दोन महिन्यांतून एकदा गाडीवरून घरी यायचं मनात आहे. अंतर सहाशेच्या वर. गाडी मला फेअरिंगवालीच (पुढून आणि बाजूनं कव्हर असलेली) पाहिजे, शाळेत असल्यापासून तेच डोक्यात आहे. यादीत यामाहा आर१५, सुझुकी जिक्सर एसएफ २५०, टीव्हीएस अपाची आरआर ३१० आणि केटीएम आरसी ३९०. बाबा म्हणतात असल्या गाडीवर हुबळी येईपर्यंत कंबर जाईल. लांब गाडी मारलेल्यांनी सांगा. माझी उंची पाच फूट सहा इंच.

बी-५०१ : अभिनंदन भावा! बजाजची डॉमिनार ४०० घे. ताठ बसायचं, हँडल रुंद, १३ लिटरची टाकी. हंपी, गोवा, गोकर्ण सगळं केलंय मी तिच्यावर.

ए-३०२ : दादा, गाडी दमदार आहे, पण मन तिच्यावर नाही बसत. रोज बघून आनंद वाटावा अशी घ्यायचीय.

ए-१०४ : बाळा, मन बसत नसेल तर ती घेऊ नकोस, चार-सहा वर्षं सांभाळायचीय. पण तुझे बाबा अर्धे बरोबर आहेत. सगळ्याच स्पोर्ट गाड्या कंबर मोडत नाहीत, फरक हँडलच्या उंचीत असतो. शोरूममध्ये गेलास की आधी पुढच्या शॉकअपच्या वरच्या प्लेटकडं बघ. हँडल त्या प्लेटच्या वर बसवलंय की खाली? वर असेल तर खांदे मोकळे राहतात. खाली असेल तर छातीचा भार तळहातावर येतो. जिक्सर एसएफ २५० चं हँडल वर आहे, हिरोच्या करिझ्मा एक्सएमआरचंही, ती तुझ्या यादीत नाही पण बघून घे. आर१५ आणि आरसी जास्त वाकवतात. आरआर ३१० मधोमध.

माझ्याकडं २०११ ची होंडा सीबीआर २५० आर होती. दिसायला स्पोर्ट, बसायला जवळपास ताठ. उद्यमनगरातनं दुपारी शटर ओढायचो आणि रात्री पुण्यात मुलीकडं जेवायला. उतरल्यावर कधी पाठीला हात लावावा लागला नाही. त्याआधी एकदा मित्राची खाली हँडलवाली गाडी घेऊन निघालो होतो. साताऱ्यात चहाला थांबलो, तर हेल्मेटचा पट्टा सोडवेना, बोटं बधिर. ज्या दिवशी ते झालं त्या दिवशी कळलं की गाडी ताकदीवर नाही, मनगटावर निवडायची.

ए-३०२ : पण काका, हायवेला वाकून बसणं बरं ना? वारा लागत नाही.

ए-१०४ : हे मात्र बरोबर बोललास. नव्वदच्या पुढं समोरचा वारा छातीला टेकू देतो, मनगटावरचं ओझं हलकं होतं. म्हणून अशी गाडी हायवेला जेवढी सोपी, तेवढी गावात अवघड. तुझी खरी परीक्षा दावणगिरी-चित्रदुर्गच्या रस्त्यावर नाही, रोज संध्याकाळी बंगळूरच्या गर्दीत, सिल्क बोर्डच्या सिग्नलला आहे. वारा नाही, वेग नाही, पहिला-दुसरा गिअर, क्लच दाबून दाबून तळवा दुखतो, वर इंजिनची धग मांड्यांना. दीड-दोन महिन्यांतून एकदा तू कोल्हापूरला येणार, बाकीचे दिवस तिथंच. त्या दिवसांसाठी गाडी निवड, हायवे आपोआप जमेल.

बी-२०२ : काकांनी बोटांचं सांगितलं ते फिजिओथेरपिस्ट म्हणून थोडं पुढं सांगते. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाची अर्धी बाजू बधिर होत असेल, तर तळव्याच्या करंगळीकडच्या बाजूनं जाणारी अल्नर नस दाबली जातेय. अंगठा आणि त्याच्या लगतची दोन बोटं असतील तर मनगटाच्या मधली मीडियन नस. दोन्हीचं मूळ एकच, हातावर रेलणं. हात फक्त वळवायला आणि ब्रेकला ठेवा. अंग पोटाच्या आणि पाठीच्या स्नायूंवर पेलायचं, गुडघ्यांनी टाकी घट्ट धरायची. कोपर किंचित वाकलेलं हवं. कोपर ताठ झालं की समजायचं, आपण लोंबकळतोय. दीड तासाला उतरून पाच मिनिटं चाला, पाणी प्या. थांबल्यावर मोबाईलमध्ये मान घालून बसू नका, मान आधीच वाकलेली असते. आणि पायाचंही बघ रे. फूटरेस्ट फार मागं आणि वर असेल तर गुडघा जास्त दुमडतो, चाळिशीच्या आतही दुखतो.

ए-३०२ : ताई, हे कुणीच सांगितलं नव्हतं. धन्यवाद.

बी-५०१ : टॅक्सचंही धर हिशोबात. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांना १८ टक्के जीएसटी, त्यावर ४० टक्के. आरसी ३९० ३७३ सीसीची. म्हणजे ती घेतलीस तर तू मोठ्या गटात.

ए-१०४ : आणि आर१५ रोजच्याला सुरेख, पण १५५ सीसीवर तासन्‌तास शंभरला धरलं की इंजिन सतत वरच्या आरपीएमला राहतं, म्हणजे फार जोरात फिरत राहतं, हाताला आणि पायाला झिणझिण्या. मागं सामान असेल तर तवंदी घाट चढताना गिअर उतरवावा लागेल. २५० ला तिथं दम शिल्लक असतो. सीटची उंची लिहून घे: जिक्सर ८०० मिलीमीटर, आरआर ८१०, आर१५ ८१५, आरसी ८२४. तुझ्या उंचीला सगळ्या जमतील, पण ट्रॅफिकमध्ये दोन्ही टाचा टेकल्या तर जिवाला बरं.

टाकी जिक्सरची १२ लिटर, आरआरची ११. लिटरला तीस धरलं तरी साडेतीनशेच्या आसपास. चित्रदुर्गला एकदा आणि हुबळीला एकदा भर, काळजी नाही.

ए-३०२ आई : काका, गाडी कुठली ते तुम्ही बघा. माझं एकच म्हणणं, शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर रात्रीचा निघायचा नाही.

ए-१०४ : वहिनी, हे मी पण सांगणारच होतो. शनिवारी पहाटे पाचला निघ. चित्रदुर्गला नाश्ता, हुबळीला जेवण, दिवस मावळायच्या आत कागल. दमलास तर हुबळीला मुक्काम, घरी फोन कर. कुणी रागावणार नाही.

ए-२०३ : सामानाचं? आमच्या ह्यांच्या गाडीला मागं बॅग बांधली तर सायलेन्सरनं कोपरा वितळला होता.

ए-१०४ : बरं झालं काढलंत. बाळा, शोरूमला खिशात छोटं चुंबक घेऊन जा. टाकीला चिकटतं का बघ. वर प्लॅस्टिकचं कव्हर असेल तर चुंबकवाली टँक बॅग चालत नाही, पट्ट्यांची घ्यावी लागते. मागं बांधायला हुक किंवा ग्रॅब रेल (मागं बसणाऱ्यानं धरायचा दांडा) आहे का तेही बघ. पाठीवर सॅक घेऊन सहाशे किलोमीटर येऊ नकोस, तिचं ओझं शेवटी मनगटावरच उतरतं.

आणि टेस्ट राईड शोरूमच्या गल्लीत घेऊ नकोस. शहरातली गर्दी आणि हायवे दोन्ही लागू दे. कागलपर्यंत जाऊन यायची परवानगी माग. देत नसतील तर ती गाडी असलेला ओळखीचा शोध.

(दोन दिवसांनी)

ए-३०२ : काका, दोन्ही चालवल्या, कागलला जाऊन आलो. आरआर वेगाला झक्कास, पण ताराराणी चौकात दोन सिग्नलमध्येच डावा तळवा लागायला लागला. जिक्सरवर उतरल्यावर काहीच जाणवलं नाही, कोपर वाकलेलं राहिलं. चुंबक नेलेलं बघून सेल्समन चक्रावला. जिक्सरचं बुकिंग करतोय. आईला मागं बसवून दाखवलं, ती म्हणाली सीट छोटी आहे पण महाद्वार रोडपर्यंत चालेल.

ए-१०४ : उत्तम. गाडी आली की पहिल्या सर्व्हिसपर्यंत जोरात पळवू नकोस. मग एका रविवारी सहाला गेटवर ये, बॅग बांधूनच ये. निपाणीपर्यंत माझ्यामागं चालव. परत आल्यावर चेनला तेल कसं सोडायचं ते दाखवतो.