टेस्टमधून सूट म्हणजे क्वारंटाइनमधून सूट नाही (सोसायटी ग्रुप, ए आणि बी विंग, डोंबिवली पूर्व, मंगळवार 14 डिसेंबर 2021)

सुनीता पाटील ए-303: नमस्कार, कोणाला दुखवायचं नाहीये पण आता बोलावंच लागतंय. आज सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले तर 304 ची छोटी तिथे खेळत होती, कामवाल्या मावशी होत्या सोबत. शनिवारी पहाटे लंडनहून आलेत हे सगळ्यांना माहितीये. आमच्या सासूबाईंचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं. सेक्रेटरी साहेब, नियम आहेत की नाहीत?

नाईक काका बी-103: 🌹 शुभ सकाळ 🌹 जो दुसऱ्याचा विचार करतो त्याचा विचार देव करतो 🙏

परांजपे काका ए-101: हेच मी शनिवारी म्हटलं होतं. परत टाकतो. *राज्य सरकारचा आदेश: जोखमीच्या देशातून आलेल्यांना 7 दिवस संस्थात्मक विलगीकरण, दुसऱ्या, चौथ्या व सातव्या दिवशी आरटीपीसीआर.* मग हे लोक घरी आलेच कसे?

देशपांडे काकू ए-304: सुनीता, घराची बेल वाजवली असतीस तरी चाललं असतं गं, डायरेक्ट ग्रुपवर टाकायची गरज नव्हती. निघायच्या आधी 72 तासातली टेस्ट केली, एअर सुविधाचा, म्हणजे परदेशातून येणाऱ्यांचा सरकारी ऑनलाइन फॉर्म भरला, मुंबईला उतरल्यावर परत टेस्ट, रिपोर्ट येईपर्यंत एअरपोर्टवर ताटकळत बसले, चार हजाराच्या आसपास एकेकाचे गेले. छोटीचे आईबाबा दोघंही निगेटिव्ह. अजून काय करायचं माणसाने? आणि 5 वर्षाखालच्या मुलांना टेस्टमधून सूट आहे, छोटी तीनचीच आहे.

नितीन गायकर बी-202: मार्च 2020 सारखा डाव्या हातावर शिक्का मारायला हवा परत, म्हणजे गच्चीवर लगेच ओळखू येईल 😄

सुनीता पाटील ए-303: नितीन यात हसण्यासारखं काय आहे?

नितीन गायकर बी-202: सॉरी वहिनी. वातावरण हलकं करत होतो.

परांजपे काका ए-101: नितीन, तुझा मेहुणा पण मागच्या आठवड्यात दुबईहून आला ना? तो तर दुसऱ्या दिवशी फडके रोडवर दिसला.

नितीन गायकर बी-202: काका दुबई जोखमीच्या यादीतच नाहीये!! तिथून येणाऱ्यांपैकी 2 टक्के लोकांची टेस्ट होते, याचा नंबर लागला नाही यात त्याची काय चूक. 14 दिवस स्वतःवर लक्ष ठेवायला सांगितलंय ते ठेवतोय.

परांजपे काका ए-101: आणि आपल्या कल्याण डोंबिवलीतली ओमिक्रॉनची, म्हणजे कोरोनाच्या या नव्या प्रकाराची, पहिली केस कुठून आली? दुबईमार्गेच ना?

डॉ. मेघना बी-404: ओपीडी सुरू आहे, एकदाच लिहिते. काका, तुम्ही फिरवताय तो 30 नोव्हेंबरचा आदेश आहे. त्यावर केंद्राच्या आरोग्य सचिवांनी राज्याला पत्र लिहिलं की तुमचे आणि आमचे नियम जुळत नाहीत, आणि 2 डिसेंबरला राज्याने आदेश बदलला. संस्थात्मक विलगीकरण आता फक्त साऊथ आफ्रिका, बोत्सवाना आणि झिम्बाब्वेवाल्यांना. ब्रिटन आणि युरोप केंद्राच्या जोखमीच्या यादीत आहेत, त्यांना एअरपोर्टला टेस्ट, निगेटिव्ह असेल तर 7 दिवस घरीच, आठव्या दिवशी परत टेस्ट, तीही निगेटिव्ह आली तर पुढचे 7 दिवस लक्ष ठेवायचं. दोन डोस झालेले असले तरी हेच.
पहिल्या केसबद्दल, तो माणूस केपटाउनहून दुबई, दिल्ली करत आला, दिल्लीला सॅम्पल दिलं आणि रिपोर्ट यायच्या आधीच मुंबईचं विमान पकडलं. तेव्हा तसं चालत होतं. 1 डिसेंबरपासून रिपोर्टशिवाय पुढचं विमान घेता येत नाही ते यासाठीच. आणि फॉर्ममध्ये शेवटचा स्टॉप नाही, 14 दिवसांची ट्रॅव्हल हिस्टरी बघतात.

सावंत सेक्रेटरी: धन्यवाद डॉक्टर. सर्वांनी शांततेने घ्यावे.

देशपांडे काकू ए-304: बघा, म्हणजे आम्ही नियमातच आहोत.

डॉ. मेघना बी-404: काकू, छोटीचं मात्र सुनीताताईंचं बरोबर आहे. लहान मुलांना सूट आहे ती टेस्टपुरती, क्वारंटाइनमधून नाही. त्याच नियमात पुढे लिहिलंय की घरी असताना त्यांना लक्षणं दिसली तर टेस्ट करायची, म्हणजे मूल घरीच असणार हे त्यात धरलेलं आहे. उलट तिची एकही टेस्ट झालेली नाही, म्हणून तिला जास्त जपायला हवं. गच्ची नको.

देशपांडे काकू ए-304: तीन वर्षाच्या पोरीला सात दिवस खोलीत कसं डांबायचं? जन्मल्यापासून पहिल्यांदा आजीकडे आलीये, आम्ही दोन वर्षं वाट बघितलीये. उद्यापासून रेग्युलर विमानं सुरू होणार होती तीही पुढे ढकलली, बबलमधलं, म्हणजे दोन देशांनी आपसात ठरवून चालवलेल्या मोजक्या विमानांचं तिकीट मिळवायला काय काय केलं ते आम्हालाच माहीत.

सुनीता पाटील ए-303: काकू, ते समजतं हो. मी तिच्यासाठी खेळणी पाठवते, आमच्या चिन्मयची पेटी भरून पडलीयेत. पण डायलिसिसला एक दिवस उशीर झाला तर काय होतं हे मी गेल्या मे महिन्यात बघितलंय, घरात कोणी पॉझिटिव्ह आलं की सेंटरवाले आधी रिपोर्ट मागतात आणि दारातच थांबवतात. मला ते परत नकोय.

परांजपे काका ए-101: *राज्य सरकारचा आदेश: जोखमीच्या देशातून आलेल्यांना 7 दिवस संस्थात्मक विलगीकरण...*

नितीन गायकर बी-202: काका तो जुना आहे!! डॉक्टरांनी आत्ताच सांगितलं ना

परांजपे काका ए-101: आदेश तो आदेश. आणि मावशी 304 मधून माझ्याकडे येतात भांड्याला, त्याचं काय? त्यांना सोसायटीने 15 दिवस बंदी करावी.

देशपांडे काकू ए-304: मावशींचा पगार बंद करायला निघालात? 2020 मध्ये बिल्डिंग सील झाली तेव्हा तुम्हाला दोन वेळचा डबा कोण देत होतं ते आठवा परांजपे.

परांजपे काका ए-101: हा मेसेज डिलीट करण्यात आला

नाईक काका बी-103: विषय निघालाच आहे तर, माझ्या पार्किंगमध्ये लाल स्कूटर कोणाची आहे? तिसरा दिवस.

सावंत सेक्रेटरी: नाईक काका तो विषय नंतर. मावशींवर बंदी घालायचा सोसायटीला काही अधिकार नाही. 304 ने आठ दिवस त्यांना कामाला बोलावू नये, पगार पूर्ण द्यावा, ही माझी विनंती आहे.

देशपांडे काकू ए-304: पगार देणारच होतो. उद्यापासून येऊ नका सांगते.

डॉ. मेघना बी-404: उद्यापासून नको, आत्तापासून. मावशींना ताप, खोकला वाटला तर मला फोन करायला सांगा, टेस्ट मी करून देते.

देशपांडे काकू ए-304: बरं. आठवा दिवस कुठला धरायचा? मुलगा म्हणतो शनिवार 18.

डॉ. मेघना बी-404: उतरले तो दिवस शून्य धरला तर रविवार 19. महापालिकेच्या वॉर्डातून फोन येईल त्यांना विचारा, आणि रविवारी केली तरी नुकसान काही नाही. पॉझिटिव्ह आलीच तर सॅम्पल जीनोम सिक्वेन्सिंगला, म्हणजे विषाणूचा नेमका प्रकार तपासायला जातं, त्याला वेळ लागतो, म्हणून तोवर कोणी अंदाजाने ओमिक्रॉन ओमिक्रॉन करू नये.

परांजपे काका ए-101: मग लिफ्टपाशी 304 चं नाव लावा. लोकांना कळायला हवं.

सुनीता पाटील ए-303: नाही हां काका. नावाची पाटी नको. तक्रार मी केली होती आणि मीच सांगतेय, नको. एप्रिलमध्ये आमच्या दारावर कागद चिकटवला होता तेव्हा दूधवाला खालीच पिशवी टाकून पळायचा.

देशपांडे काकू ए-304: थँक्यू सुनीता. गच्चीवर नाही पाठवणार तिला. सकाळचं उन्ह आमच्या बेडरूमच्या खिडकीत येतं, तिथे बसवेन.

सावंत सेक्रेटरी: ठरलं. 304 रविवारपर्यंत घरात, कचरा वेगळ्या पिशवीत बांधून दाराबाहेर, सामान वॉचमन दारापर्यंत आणून देईल. पुढे कोणाकडे बाहेरून पाहुणे येणार असतील तर तिकीट काढल्यावरच मला कळवा, यादी दर थोड्या दिवसांनी बदलतेय.

नितीन गायकर बी-202: नाईक काका, लाल स्कूटर मेहुण्याची आहे. काढतो.

नाईक काका बी-103: 14 दिवस लक्ष ठेवायचंय ना त्याने, मग स्कूटरवर कुठे फिरतोय?

नितीन गायकर बी-202: काका लक्ष ठेवणं वेगळं, क्वारंटाइन वेगळं, वर वाचा ना जरा

परांजपे काका ए-101: मी पण वाचलं. तरी मास्क लावून फिरायला सांग त्याला.