गेटवर परमिट चालतं, मग गावात का चालत नाही?

रानभूल_नागपूर
(ऑक्टोबर २०२०)

परवाच्या शनिवारी आम्ही दोन गाड्या करून ताडोब्याला गेलो होतो. उमरेड, भिसी, चिमूर, नेहमीचाच रस्ता. कोरोनामुळे मार्चपासून घरात कोंडून होतो. १ ऑक्टोबरला कोअर, म्हणजे आतलं मुख्य जंगल, उघडल्याचं कळलं आणि त्याच रात्री बुकिंग केलं. गेटवर सगळं रीतसर झालं. कपाळाला ताप मोजायची ती बंदूक लावली, हातावर सॅनिटायझर दिलं, मास्क तपासले. सकाळच्या फेरीत वाघ दिसला नाही, अस्वल मात्र पिल्लासकट दिसलं. तिथवर काहीच तक्रार नाही.

गेटाच्या अलीकडे एक गाव आहे, नाव लिहीत नाही. दरवर्षी आम्ही तिथल्या टपरीवर चहा आणि आलूबोंडा खातो. बायको बचत गटाच्या बायांकडून मोहाचे लाडू घेते. म्हणजे अनोळखी गाव नव्हे. या वेळी टपरीवाला म्हणाला, दूध संपलं. मागे पातेलं उकळताना आम्हाला दिसत होतं! माझा साडू कॅमेरा घेऊन बांधावर गेला, बाया सोयाबीन सोंगत होत्या त्यांचे फोटो घ्यायला. तेवढ्यात एक म्हातारी ओरडायला लागली आणि दोन पोट्टे काठ्या घेऊन आले. मग गर्दीच झाली. ‘एमएच ३१ आहे, नागपूरची गाडी आहे, खाली उतरू देऊ नका.’ एकजण म्हणाला, उतरले तर शाळेत चौदा दिवस ठेवू. आमची पोरं बारा-चौदा वर्षांची आहेत, ती रडकुंडीला आली. मास्क होतेच सगळ्यांकडे. चहासाठी खाली घेतले होते, इतकंच.

सप्टेंबरपासून जिल्ह्याबाहेर जायला ई-पास लागत नाही. पर्यटन सरकारनंच उघडलं. या गावांचं पोट तर पर्यटकांवरच आहे ना? मग अडवण्याचा हक्क यांना कुणी दिला? दिवाळीनंतरचं आणखी एक बुकिंग करून ठेवलंय. जावं की रद्द करावं? तिकडच्या कुणी सांगितलं तर बरं होईल.

कॅमेराबॅग

रद्द करा आणि पेंचला जा, तुम्हाला जवळही पडेल. एक हंगाम कोरडा गेला की हेच लोक हायवेवर उभे राहून गाड्यांना हात दाखवतील. एवढं राजकारण डोक्यात नाही घ्यायचं.

वकीलकाका_वरोरा

कायद्यापुरतं सांगतो. सार्वजनिक रस्ता अडवायचा अधिकार गावकऱ्यांना नाही, ग्रामपंचायतीलाही स्वतःहून नाही. प्रतिबंधित क्षेत्र जाहीर करणं, ये-जा थांबवणं हे साथरोग कायदा १८९७ आणि आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ यांखाली प्रशासनाचं काम. तुम्हाला शाळेत डांबण्याची धमकी पोकळ होती.

पण चहा विकायचा की नाही ही टपरीवाल्याची मर्जी. दुसऱ्याच्या वावरात न विचारता शिरून बायांचे फोटो काढणं महामारी नसतानाही कुणी खपवून घेत नाही. साडूंना सांगा. आणि आता बऱ्याच ग्रामपंचायतींची मुदत संपून प्रशासक बसलेत. त्याच्याकडे आधीच चार-पाच गावं असतात. तक्रार कुणाकडे करणार, हाही प्रश्नच आहे.

गेटवरची_ताई

दादा, माझ्या मुलीनं तुमची पोस्ट मोबाइलवर दाखवली. मी एका गेटवर गाइड आहो. तुम्ही ज्या गावाचं लिहून राहिले ते आमचंच की शेजारचं, ते मी पण लिहीत नाही. पण त्या म्हातारीले मी ओळखते, एवढं धरून चाला.

तिचा मुलगा आणि सून दरवर्षी संक्रांतीनंतर तेलंगणात मिरची तोडायले जातात, खम्ममकडे. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीची गावंच्या गावं जातात. मजुरीचे पैसे आणि घरची वर्षाची मिरची घेऊन एप्रिलात परत येतात. यंदा मार्चमध्ये सगळं बंद झालं तेव्हा हे लोक तिकडेच अडकले. मग निघाले पायी. डोक्यावर बोचकं, कडेवर पोर, पोलीस रस्त्यावर अडवतात म्हणून जंगलातून. गावाच्या शिवेवर पोचले तर आम्ही काट्या टाकून ठेवल्या होत्या. हो, आमच्याच लोकांसाठी. सगळ्यांले जिल्हा परिषदेच्या शाळेत ठेवलं, चौदा दिवस. आशाताई रोज जाऊन ताप बघे. घरचे लोक डबा फाटकाच्या आत सरकवून मागे व्हायचे. म्हातारीचा नातू जाळीतून आजीले हाका मारे आणि ती रस्त्याच्या त्या बाजूला बसून राहे. तिले जवळ जाऊ दिलं नाही. पाळीनं पहारा होता, माझीही पाळी होती. तिनं मले काय काय शिव्या दिल्या ते इथं लिहिता येत नाही.

तर ‘शाळेत चौदा दिवस ठेवू’ हे तुम्हाले धमकी वाटलं. आमच्या गावात तो नियम होता, आणि आम्ही तो आधी आपल्या पोटच्या लोकांवर चालवला. आता त्याच म्हातारीच्या बांधावर नागपूरचा माणूस मास्क हनुवटीवर ठेवून उभा राहतो आणि फोटो काढतो, तर तिनं काय समजावं? की पायी आला त्याले रोग राहतो आणि गाडीतून आला त्याले राहत नाही?

तुम्ही म्हणता गावाचं पोट पर्यटकांवर. कोणाचं? माझं आहे, थोडंफार. ज्याची सफारीची जिप्सी गाडी आहे त्याचं आहे. रिसॉर्टमध्ये भांडे घासणाऱ्या, चादरी बदलणाऱ्या पोरापोरींचं आहे. बफरच्या, म्हणजे कोअरभोवतालच्या जंगलाच्या, गेटाचा काही पैसा गावच्या समितीले येतो, त्यातून कामं होतात, तेही खोटं नाही. पण त्या सोयाबीन सोंगणाऱ्या बाया मोजा. त्यांच्यातल्या बहुतेकींच्या घरात तुमच्या परमिटाचा एक रुपया येत नाही. त्यांचं वर्ष म्हणजे धान, सोयाबीन, मोहफूल, तेंदूपान, मिरची. पर्यटक आले तर त्यांच्या वाट्याले फक्त धूळ येते, आणि यंदा त्यासोबत रोगाची भीती. म्हणून टपरीवाल्यानं दूध संपलं सांगितलं. त्याले तुमचे पैसे नको होते असं नाही. त्याचं गिऱ्हाईक वर्षभर गावच आहे न! तुम्हाले चहा दिला असता तर दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे कोणी बिडी घ्यायले आलं नसतं.

आता भीती काहून, ते. मेच्या सुरुवातीपर्यंत आमच्या जिल्ह्यात एक रुग्ण नव्हता आणि नागपुरात मार्चपासूनच होते. आमच्याकडे ‘नागपूर’ हा शब्दच तेव्हापासून कानाले टोचतो, त्यात तुमचा दोष नाही. सप्टेंबरात नागपुरात खाटा मिळत नव्हत्या हे तुम्हीच जवळून पाहिलं असणार. आमच्याकडे कोणी आजारी पडलं तर आधी प्राथमिक आरोग्य केंद्र, मग चिमूर, आणि जास्त झालं तर चंद्रपूर. रात्री गाडी मिळाली तर. जिप्सीवाल्याले उठवावं लागते. आशाताई सरकारच्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेचा तक्ता आणि बोटाले लावायचं ते यंत्र घेऊन घरोघर फिरून राहिली, तिच्या हाताखाली एवढी घरं आहेत की बाप्पा. त्यात लोक ताप लपवतात, ते वेगळंच.

आणि उन्हाळा आमचा कसा गेला ते कोणी विचारलं नाही. उन्हाळा हाच आमचा खरा हंगाम. पाणी आटते, वाघ पाणवठ्यावर येतो, तुम्ही येता. पावसाळ्यात कोअर तसंही बंद राहते. तर यंदा मार्चच्या मधातच गेट बंद झालं आणि पूर्ण हंगाम गेला. रोजी नाही म्हणून जे कधी जात नव्हते तेही मोहफूल वेचायले, मग तेंदूले जंगलात गेले. त्याच दिवसांत कोलारा भागात एका वाघानं माणसं मारली, एकामागून एक. जूनमध्ये वन विभागानं त्याले पकडून नागपूरले गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात नेलं, तिथं तो मेला. तुमच्या नागपुरात ती वाघाची बातमी झाली. आमच्याकडे मयतीले किती लोक जमू द्यायचे याच्यावर भांडणं होती.

काठ्या घेऊन धावून आले ते चांगलं झालं असं मी म्हणत नाही. त्यातला एक पोट्टा मले माहीत आहे, त्याले काठी घेऊन फिरायले कारणच पाहिजे. लहान लेकरांसमोर असं नको होतं.

जिप्सी_३४

ताई, पूर्ण गावाकडून बोलू नका. मी पण तिकडचाच आहे. गाडीचा हप्ता ऑगस्टपर्यंत बँकेनं थांबवला, व्याज थांबवलं नाही. आता सप्टेंबरपासून हप्ता सुरू आणि फेऱ्या अर्ध्या. एका अशा भांडणाची पोस्ट फिरली की आठवड्याचं बुकिंग पडते. माझ्याकडे यायचे होते त्यांनी काल रद्द केलं, कारण विचारलं तर हीच पोस्ट पाठवली.

गावबैठकीत मी बोललो की पाहुणे गेटापर्यंत आले पाहिजेत. तेव्हा मले म्हणाले, तू तुझ्या गाडीचं पाहून बोलतो. मग कोणाच्या गाडीचं पाहू?

रानभूल साहेब, तुम्ही रद्द करू नका. चिमूरवरून मले फोन करा, मी मधात न थांबवता सरळ गेटवर नेतो.

रानभूल_नागपूर

ताई, एवढं सविस्तर लिहिलंत, वाचलं. मिरची तोडायला जाणाऱ्यांचं पेपरात वाचलं होतं, पण ते हेच गाव असेल असं डोक्यात आलं नव्हतं. साडूला तुमचं उत्तर पाठवलं. तो म्हणतो फोटो चांगले आलेत. त्याचं मी काय करू!

तरी एक विचारतो. भीती समजली. पण गेट उघडं ठेवायचं, परमिटाचे पैसे घ्यायचे आणि माणूस आला की अंगावर जायचं, हे कसं? नको असतील तर गेटच बंद ठेवा म्हणून गावानं लिहून द्यावं. आम्हाला आधी कळेल.

गेटवरची_ताई

गेट उघडायचं की नाही हे गावाले कोणी विचारलं असतं तर लिहून दिलं असतं, दादा. तारीख वरून येते. आम्हाले तुमच्यासारखीच मोबाइलवर कळली.

आणि विचारलं असतं तरी गावाचं एक उत्तर निघालं नसतं. वर जिप्सीवाल्या भाऊनं लिहिलं ते खरं आहे, त्याचा हप्ता मले माहीत आहे. मी स्वतः गेट उघडं पाहिजे म्हणणाऱ्यांत होती. माझ्या घरात दोन लेकरं शाळेवाचून बसले आहेत. ऑनलाइन शिकायचं तर रेंजसाठी पाण्याच्या टाकीजवळ जाऊन उभं राहावं लागते, आणि फोन एकच. तो मी गेटवर नेली तर त्यांचं शिकणं बंद. तर मी बैठकीत म्हटलं, पाहुणे येऊ द्या पण गावात नको. बायांनी विचारलं, तू सकाळभर त्यांच्यासोबत गाडीत बसते आणि मग गावातच येते, त्याचं काय? याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. तेव्हापासून मी फेरीवरून आली की सांदवाडीतच आंघोळ करते, कपडे बाहेरच भिजवते, आणि आईचं ताट वेगळं ठेवते. आई पासष्टच्या वर आहे. तिले हे बिलकुल पटत नाही. म्हणते, वाघ दाखवून आली की वाघ होऊन आली?

शनिवारी तुमची गाडी गेल्यावर पुन्हा बैठक झाली. पोलीस पाटलानं त्या दोन पोट्ट्यांले सगळ्यांसमोर झाडलं. ठरलं असं, की चहा-नाश्ता गेटाजवळच्या शेडमध्ये मिळेल. बचत गटाच्या दोन बाया तिथं बसतील, कागदी कपात देतील. लाडूही तिथंच ठेवू. गावाच्या रस्त्यावर गाडी थांबवायची नाही, काच बंद करून निघायचं. कोणी थांबलाच तर काठी नाही, पाटलाले फोन करायचा. किती दिवस टिकते ते पाहू. टपरीवाला नाराज आहे, त्याचं गिऱ्हाईक शेडमध्ये गेलं म्हणून.

तुम्ही या, दिवाळीनंतर गर्दीही कमी राहते. घरात कोणाले ताप-खोकला असेल तर मात्र खरंच येऊ नका, पैसे बुडाले तरी. साडूले फोटो काढायचे असतील तर त्या म्हातारीचे काढलेले एक-दोन कागदावर छापून आणा, शेडमध्ये माझ्या नावानं ठेवा, मी तिले पोचवते. घेईल की फेकेल, सांगता येत नाही.

मंगळवारचं बुकिंग करू नका, कोअर बंद राहते. पहाटे थंडी लागते आणि जिप्सीत जे ब्लँकेट देत होतो ते यंदा देत नाही, कोणी वापरलं कोणी नाही याचा हिशोब राहत नाही. लेकरांचे स्वेटर-शाली घरून आणा.