बाथ शहर एका दिवसात, गाईडशिवाय पायी?

प्रश्न: पुढच्या महिन्यात आईला घेऊन लंडनहून बाथला जातेय. तिचे गुडघे दुखतात, चढ झेपत नाही. बघायचं मात्र सगळं आहे. कुठून सुरुवात करू?

उत्तर १: ताई, मी माझ्या आईसोबत हेच केलं. स्टेशनवरून टॅक्सीने थेट रॉयल क्रेसेंटला जा आणि तिथून उतरत या. १७६७ ते १७७५ मध्ये बांधलेली ३० घरं, चंद्रकोरीसारखी. समोरच्या हिरवळीवर आईंना निवांत बसू द्या. मग मागच्या गल्लीत नक्की डोकवा: पुढून एकसारखी दिसणारी घरं मागून प्रत्येकाची वेगळी, कारण घेणाऱ्याने आतलं घर आपल्या मनासारखं बांधून घेतलं. मला हे फार आवडलं! पुढे सर्कस, म्हणजे गोलाकार उभ्या घरांचा चौक. तिथे खांबांच्या वरची कोरलेली छोटी चिन्हं बघत आम्ही अर्धा तास रमलो. गे स्ट्रीटने खाली आलात की क्वीन स्क्वेअर, तिथून बाथ ॲबी हे जुनं चर्च जवळच. तिच्या दर्शनी भिंतीवर शिडी चढणारे दगडी देवदूत आहेत, ते चुकवू नका.

उत्तर २: रोमन बाथ्सचं, म्हणजे गरम झऱ्यावरच्या रोमनकालीन स्नानगृहांचं, तिकीट आधीच काढा. झऱ्याचं पाणी ४६ अंशांचं, हात घालायला मनाई आहे. आत जिने आहेत, पण लिफ्टही आहे.

प्रश्नकर्ती: खूप आभार! पुल्टनी ब्रिज राहील का?

उत्तर १: छे, ॲबीपासून पाच मिनिटं. दोन्ही बाजूंना दुकानं असलेला पूल आहे, वरून चालताना नदी दिसतच नाही. त्यापेक्षा नदीकाठच्या ग्रँड परेड रस्त्यावर कठड्यापाशी थांबा, तिथून पूल आणि नदी दोन्ही दिसतात.