बारावीनंतर मानव विकास आणि कुटुंबशास्त्र: खान्देशातल्या पोरापोरींनी घ्यावं का?

गिरणाकाठ
आमच्या गावच्या ग्रुपवर एका पोरीने विचारलं की बारावी झाली, मानव विकास आणि कुटुंबशास्त्राला ॲडमिशन घेऊ का, तर तासाभरात सगळ्यांचं एकच, फार्मसी कर, नर्सिंग कर, नाहीतर डीएड करून टाक. त्यात शिकवतात काय हे एकानेही विचारलं नाही. म्हणून हा धागा. माझं मत स्पष्ट आहे, घ्यावं, आणि पोरांनीही घ्यावं.

आईच्या पोटातल्या गर्भापासून थेट म्हातारपणापर्यंत माणूस कसा वाढतो, कोणत्या वयात काय यायला हवं, काय अडलं तर कुठे न्यायचं, घरातल्या माणसांचं एकमेकांशी काय चालतं आणि त्याचा पोरावर काय परिणाम होतो, हे सगळं त्यात आहे. पियाजे, एरिक्सन, वायगॉट्स्की असे माणसाच्या वाढीवर लिहिणारे अभ्यासक वाचावे लागतातच पण नुसतं पुस्तकी नाही, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात विभागाची स्वतःची बालवाडी आहे, मुलांमध्ये बसून त्यांचं निरीक्षण करायचं, ते नीट लिहायचं, हे तिथे शिकतात.

आता आपल्याकडे बघा. पोरगं तीन वर्षांचं झालं तरी बोलत नाही, आई काळजीत, आणि घरातले म्हणतात त्याचा बापही उशिराच बोलला होता. असं म्हणत म्हणत पोरगं शाळेत जायच्या वयाचं होतं. ऐकू येतं का, स्वमग्नता आहे का, हे बघायचं वय हातातून निघून जातं. सरकारने 2013 ला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू केला, अंगणवाडीत आणि शाळेत पोरं तपासायची आणि गरज असेल त्याला जिल्ह्याच्या केंद्रात पाठवायचं. पण पाठवलेलं पोर तिथे पोचतं का, पोचल्यावर आईला कोणी बसवून समजावतं का, घरी रोज काय खेळ घ्यायचा हे कोणी दाखवतं का? हे काम करणारी तयार माणसं पाहिजेत.

आणि दुसरं टोक म्हातारपणाचं. रावेर यावलकडे जा, केळीच्या पैशातून बांधलेले मोठे मोठे बंगले आणि आत दोन म्हातारी माणसं, पोरगं हिंजवडीला. आजोबा घरचा रस्ता विसरायला लागले तर वय झालं म्हणून सोडून देतात. हा आजार असू शकतो, त्यांच्याशी वागायची पद्धत असते, त्यांना सांभाळणाऱ्या आजीलाही आधार लागतो, हे सांगणारं माणूस तालुक्याच्या गावाला सुद्धा सापडत नाही.

कापूसवाला_पारोळा
भाऊ सगळं बरोबर, पण नोकरी कोठे शे ते सांगा पयले. कोरडवाहू शेती, कापसाला भाव मिळाला तर मिळाला, त्यात पोरीला बडोद्याला नाहीतर मुंबईला हॉस्टेलला ठेवायचं आणि शिकून आल्यावर तिने काय करायचं? अंगणवाडी सेविकेला पगार नाही मानधन मिळतं हे सगळ्यांना माहीत आहे. संस्थांमधल्या जागा कंत्राटी, प्रोजेक्ट संपला की घरी. नर्सिंगवाली पोरगी चाळीसगावला, धुळ्याला कुठेही लागते. ज्यांच्या घरी पैसा आहे त्यांनी असले विषय घ्यावेत. मी पोरीच्या शिक्षणाच्या विरोधात नाही, कर्जाच्या विरोधात आहे.

धुळेकर_बाई
मी गृहविज्ञान शिकवते, हा विषय त्याचीच शाखा आहे, म्हणून थोडं सविस्तर. पारोळ्याच्या दादांचा प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याला गोल गोल उत्तर देऊ नये.

जिल्हा परिषदेच्या अंगणवाडी पर्यवेक्षिका भरतीत समाजशास्त्र, गृहविज्ञान, शिक्षण, बालविकास, पोषण अशा विषयांची पदवी मागतात, तिथे ही पदवी चालते. बालविकास प्रकल्प अधिकारी व्हायचं तर लोकसेवा आयोगातून जावं लागतं. नेटला गृहविज्ञान हा वेगळा विषय आहे, त्यातून प्राध्यापकीचा रस्ता आहे, पण जागा निघतात कधी हे आम्हालाच विचारा. बाकी बालगृहं, कौटुंबिक समुपदेशन केंद्रं, पूर्वप्राथमिक शाळा, सामाजिक संस्था. नवीन शैक्षणिक धोरणाने 2020 ला 3 ते 8 वर्षं हा पायाभूत टप्पा धरला, त्यामुळे लहान मुलांच्या शिक्षणातली माणसं आता जास्त लागणार आहेत.

आणि जे कोणी सांगत नाही ते मी सांगते. ही पदवी घेऊन तुम्ही क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत नाही. विशेष शिक्षकही होत नाही. त्या दोन्हीसाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला वेगळा कोर्स आणि नोंदणी लागते. बऱ्याच मुली तिसऱ्या वर्षापर्यंत समजतात की आपण आता काउन्सेलिंगचं क्लिनिक टाकणार, आणि मग फसल्यासारखं वाटतं. घ्यायच्या आधी हे माहीत पाहिजे. मुंबई बडोदाच कशाला, परभणीच्या कृषी विद्यापीठात सामुदायिक विज्ञान, म्हणजे पूर्वीचं गृहविज्ञान, याचं महाविद्यालय आहे, चार वर्षांची पदवी आहे आणि मानव विकासाचा विभागही आहे. खर्चाचा हिशोब करताना तेही बघा.

अक्राणीचा_मास्तर
मी नंदुरबारच्या धडगाव भागात शिकवतो, पावरा आदिवासी आहे. माझा विरोध नोकरीवरून नाही.

आमच्याकडे शिकलेली माणसं येतात, हातात फॉर्म असतात, चित्रांची कार्डं असतात. पोराला विचारतात हे काय आहे. चित्र असतं रेल्वेचं. आमच्या पाड्यावरच्या पोराने रेल्वे बघितलेलीच नाही, तो गप्प बसतो, आणि कागदावर लागतं की याचा विकास मागे आहे. तेच पोर सहाव्या वर्षी शेळ्या घेऊन डोंगर चढतं, कुठली शेळी मागे राहिली ते न मोजता सांगतं, धाकट्या बहिणीला दिवसभर कमरेवर सांभाळतं, कोणतं फळ खायचं कोणतं नाही ते त्याला कळतं. त्याला रकाने पाडलेल्या फॉर्मवर जागाच नाही.

पुन्हा प्रश्न मराठीत. पोराला येते पावरी किंवा भिली. अंगणवाडीत मराठी गाणी, मराठी गोष्टी, पहिलीत एकदम मराठी पुस्तक. पोर बोलत नाही कारण त्याची भाषा तिथे कोणी बोलत नाही, आणि तुम्ही त्याला उशिरा बोलणारा म्हणणार. आई कशी असावी, मुलाला वेगळं झोपवावं का, बापाने किती वेळ द्यावा, हे सगळं अमेरिकेतल्या शहरातल्या घरांवरून ठरलेलं आणि आमच्या आयांना त्यावरून मार्क. असा विषय शिकून आमची पोरगी परत आली तर ती तिच्या आजीलाच अडाणी म्हणेल. नको असलं शिक्षण.

गिरणाकाठ
मास्तर, कार्डांचं तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण हा दोष त्या विषयातल्या लोकांनीच दाखवून दिला आहे. जगभरचं मानसशास्त्र पाश्चात्त्य, शिकलेल्या, श्रीमंत देशांतल्या थोड्याशा माणसांवर उभं आहे असा मोठा लेख जोसेफ हेन्रिक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 2010 ला लिहिला, त्यावर वर्गात चर्चा होते. आई आणि बाळाच्या नात्यावर मेरी एन्सवर्थचं काम शिकवतात, तिने सुरुवात अमेरिकेत नाही, युगांडातल्या खेड्यांत आयांच्या घरी जाऊन केली.

आणि आपल्या जवळचं उदाहरण. अमेरिकेतल्या बेली स्केलवर बाळांचा विकास मोजायचे, तर बडोद्याच्या प्रमिला फाटक यांनी म्हटलं आपली बाळं आपल्या बाळांशी ताडून बघू, बडोद्यातल्या बाळांवरून मापं बसवली आणि 1970 ला भारतीय बाळांसाठीची मापनपट्टी तयार झाली, 1997 ला पुन्हा सुधारली. ही पट्टी आजही वापरतात. म्हणजे बाहेरचं माप चालत नसेल तर आपलं करता येतं, पण ते कसं करायचं हे शिकलेलं माणूस पाहिजे. पावरीत कार्डं कोण बनवणार? तुमच्या शाळेतली पोरगीच बनवेल ना, पुण्याचं कोणी बनवणार आहे का?

अक्राणीचा_मास्तर
बडोदा शहरातली बाळं आणि सातपुड्यातली बाळं एक नाहीत दादा. तुम्ही अमेरिकेच्या जागी बडोदा ठेवलं, आमच्यासाठी दोन्ही लांबच.

आणि पदवीशिवाय काम होत नाही असं नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं, बाळमृत्यू कमी झाले, 1999 ला लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात छापून आलं, पुढे देशभर आशा ताई घरोघरी जायला लागल्या. त्या बायांकडे कोणती पदवी होती? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ 1945 ला बोर्डीला बालवाडी घेऊन बसल्या, पोरं येत नाहीत म्हणून बालवाडीच पाड्यावर नेली, नंतर कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. बियांची, दगडांची, पानांची खेळणी केली. पैसे द्यायचेच तर पाड्यावरच्या बाईला द्या, तिला शिकवा.

धुळेकर_बाई
मास्तर, ताराबाईंचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे असं मला वाटतं. ताराबाई पदवीधर होत्या, भावनगरला गुजरातचे बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं, माँटेसरी पद्धत समजून घेतली, आणि समजली म्हणूनच महागड्या साधनांच्या जागी बिया आणि दगड ठेवता आले. ज्याला मूळ कळलेलं नाही तो साधनं विकत आणतो आणि कपाटात कुलूप लावून ठेवतो, अशी कपाटं मी पाहिली आहेत. बंग दांपत्यही डॉक्टर आहेत. गावातल्या बाईला काय शिकवायचं, किती शिकवायचं, तिचं काम कसं तपासायचं हे कोणीतरी बसून ठरवलं होतं. पाड्यावरची बाई आणि पदवीवाली पोरगी यातली एकच निवडा असं का?

अमळनेरची_सून
तुम्ही सगळे लहान मुलांवरच बोलताय, त्या नावात कुटुंब पण आहे. मला भीती तिथली वाटते. कुटुंब म्हटलं की आपल्याकडे बाईने जुळवून घ्यायचं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेली पोरगी झोक्यावरच्या गाण्यात सासरचं सगळं सांगते आणि चार दिवसांनी तिला गुपचूप परत पाठवतात. समुपदेशन केंद्रात पण हेच ऐकलंय मी, मुलांकडे बघा, घर मोडू नका. हे शिकवायला विद्यापीठ कशाला, ते आमच्या सासूबाई फुकट शिकवतात. अभ्यासक्रमात 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा असेल, बालविवाह, मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा पोक्सो कायदा असेल, बापाने काय करायचं ते असेल तर मी म्हणेन घ्या. नाहीतर माझा पण विरोध.

धुळेकर_बाई
कायदे असतात ताई. बालविवाह प्रतिबंध 2006, पोक्सो 2012, बाल न्याय 2015, ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा 2007 चा, सगळे. शिकवणाऱ्यावर मात्र फार अवलंबून आहे, हे खरं. घर टिकवा एवढंच सांगणारे शिक्षक आहेत आणि त्यांच्याशी आमचे वाद होतात. बापाचं म्हणाल तर वर्गात मुलगेच नसतात, आणि नसतात तोपर्यंत बाप या विषयावर वीस मुलीच एकमेकींशी बोलत बसतात.

शिरपूरचा_सागर
मी मुलगा, बडोद्याला याच विषयात एमएस्सीला आहे. घरी अजून नातेवाइकांना नुसतं सायन्स सांगतात. तिथे मुलांना प्रवेश आहे, नंदुरबारवरून सुरतमार्गे गाडीने जाता येतं, खर्च मुंबईपेक्षा कमी. त्या विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू हंसा मेहता, त्यांनी हा विषय तिथे आणला. कापूसवाल्या काकांना सांगतो, पहिली नोकरी कंत्राटीच लागेल, खोटं कशाला बोलू. फार्मसी करून मेडिकलच्या काउंटरवर उभे असलेले माझे मित्र पण फार पुढे गेलेले नाहीत. मास्तर, मला प्रबंधासाठी ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतल्या मुलांवर काम करायचंय, मोठी भावंडं धाकट्यांना कसं वाढवतात यावर. तुमच्याकडे येऊ का?

कापूसवाला_पारोळा
पोरा तू तुझ्या जिद्दीने शिकतोय, चांगलं आहे. पण माझं मत तेच. स्कॉलरशिप मिळत असेल तर जावं, कर्ज काढून नाही. अंगणवाडी 1975 पासून चालू आहे, इतक्या वर्षांत सेविकेला पगारी कर्मचारी केलं नाही, आणि तिच्या वरच्या कामासाठी आमच्या पोरींनी पदव्या घ्यायच्या? आधी सेविकेला पगार करा, मग बघा आपोआप या विषयाला रांग लागते का नाही.

अक्राणीचा_मास्तर
सागर, ये. पण दिवाळीनंतर येऊ नको, तेव्हा लोक गुजरातकडे ऊसतोडीला गेलेले असतात, पाड्यावर म्हातारी माणसं आणि काही पोरं. होळीला सगळे परत येतात पण ते दिवस सणाचे, कोणी बोलायला बसणार नाही. पावसाळ्यात ये, जुलै ऑगस्टला, रस्ता खराब असतो आणि घरातलं धान्य संपत आलेलं असतं, पोरांचं वजन तेव्हाच उतरतं. प्रश्नावली पहिल्या महिन्यात बाहेर काढायची नाही. पावरी शिकायला लाग आतापासून. आणि तुझा प्रबंध इंग्रजीत जाईल तो जाऊ दे, त्यातलं जे पोरांच्या आयांबद्दल लिहिशील ते छापायच्या आधी त्यांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवायचं. हे कबूल असेल तर माझ्या घरी राहायची सोय होईल.