मदत हवी आहे: अंगणात माळावरचं गवत पेरलं, मारवेल सोडून काहीच येईना

नमस्कार मंडळी,

सासवडजवळ आमचं घर आहे. मागे गुंठाभर मोकळी जागा. वर वीतभर माती, खाली मुरूम. आधी तिथे मेक्सिकन लॉन होती. तीन उन्हाळे टँकर मागवून ती जगवली, तरी मे महिन्यात पिवळी ती पिवळीच. शेवटी उपटून टाकली. समोरच्या माळावर कुणी तांब्याभर पाणी घालत नाही तरी कमरेइतकं गवत उभं राहतं, मग आपल्याकडे का नको?

गेल्या दिवाळीनंतर त्याच माळावरून (मालकांना विचारून) पवन्या, डोंगरी आणि मारवेल या गवतांचं बी ओरबाडून आणलं, कापडी पिशवीत ठेवलं. जूनमध्ये वाफे केले, अर्धी ट्रॉली शेणखत घातलं, बी टाकून वर दोन बोटं माती ओढली. मारवेलचे थोडे ठोंबही लावले. आता भाद्रपद संपत आला. ठोंब तेवढे छान फुटलेत. बाकी केना, तरोटा आणि गाजर गवताचं रान!

बी पोकळ होतं का? की पेरताना चुकलं? आणि सासूबाईंचं रोजचं चालू आहे, "गवत वाढवाल तर साप येईल." त्यांना काय सांगू?

— मुरमाडवाडी

बांधावरची: दोन बोटं माती फार झाली हो ताई. या गवतांचं बी म्हणजे नुसतं हलकं भुसकट, त्यात दाणा केवढासा. ओल्या बारीक मातीत चोळायचं, वर वर पसरायचं आणि पायाने दाबायचं. झाकलं न झाकलं इतपतच. बी सात-आठ महिने जुनं होतं ते उलट बरंच, ताजं बी नीट उगवत नाही. आणि शेणखत कशाला? माळाला कोण खत घालतं? त्यातून तणाचं बी आलं आणि खाऊन माजलं.

कुसळ्या: कुसळी आणली नाहीत हे देवाचे उपकार. तिचं कुसळ ओलं झालं की पीळ सुटून फिरतं आणि टोक आत घुसतं. जमिनीत घुसायची सोय आहे ती, पण आमच्या कुत्र्याच्या कानात घुसलं होतं. आलीच कुठे तर पोटरीत असतानाच, म्हणजे तुरा बाहेर पडायच्या आधीच कापा.

सापाचं म्हणाल तर भिंतीपासून चार-पाच फूट पट्टा साफ ठेवा, लाकडं-विटांचा ढीग हलवा. तो उंदरांमागे येतो, गवत बघायला नाही.

बांधावरची: एक राहिलं. खुरपणी केलीत का? कुणी केली?

मुरमाडवाडी: श्रावणात दोनदा. बाई लावली होती. मारवेल मी ओळखते, पेराला पांढऱ्या केसांचं कडं असतं. तेवढं ठेवा, बाकी सगळं काढा म्हणाले.

बांधावरची: 🙂 मग पवन्या नि डोंगरी त्या बाईंच्या पाटीत गेलं असणार, जे काही उगवलं होतं ते. पहिल्या वर्षी ही रोपं बोटभर असतात, हरळीसारखीच दिसतात. फक्त रुंद पानाचं उपटायचं, पातं दिसलं की हात आवरायचा. कुठलं काय ते तुरा आल्यावर कळतं.

मुरमाडवाडी: अरे देवा. तिसऱ्या वाफ्यात पाऊस होता म्हणून दुसरी खुरपणी राहिली. आत्ता जाऊन बघितलं, केन्याखाली पातळ पात्याचे सात-आठ ठोंब आहेत. आता काय करू?

बांधावरची: केना हाताने काढा, खुरपं लावू नका. बी पडेपर्यंत कापू नका. मारवेलचे ठोंब पुढच्या जूनमध्ये फोडून दीड-दीड फुटावर लावा, पण त्या तिसऱ्या वाफ्यात नको, मारवेल बाकीच्यांना दाबून टाकेल.

मुरमाडवाडी: चार काठ्या रोवून सुतळी बांधली आहे. सासूबाई विचारतायत, काय पेरलंय? गवत म्हटलं तर कपाळाला हात लावला.