विमानांचा पट्टा एफएमला खेटूनच आहे
'गच्चीवर पाच वॅटचा एफएम ट्रान्समीटर लावून भजनं ऐकवली तर कोणाचं काय बिघडतं?' हे वर कोणीतरी विचारलंय. अजिबात पटलं नाही. एफएम १०८ मेगाहर्ट्झला संपतो आणि तिथूनच विमानांसाठीच्या रेडिओ फ्रिक्वेन्सींचा पट्टा सुरू होतो. उतरणाऱ्या विमानाला धावपट्टीची मध्यरेषा दाखवणारा लोकलायझर १०८ ते ११२ मध्येच चालतो. घरगुती सर्किटला धड फिल्टर नसतो, सिग्नल भलत्या फ्रिक्वेन्सीवरही सांडतो. नवी मुंबईत उलव्याला विमानतळ सुरू झालाय, आता तरी नेरूळ-बेलापूरच्या गच्च्यांवर हे नकोच.

विनापरवाना प्रक्षेपणाच्या दंड-जप्तीबद्दल वर लिहून झालंय. पण सामुदायिक रेडिओचा परवाना २००६ पासून स्वयंसेवी संस्थांनाही मिळतो, हे कोणी सांगितलं नाही. प्रक्रिया किचकट आहे, मान्य. तरी काही वर्षं काम केलेल्या नोंदणीकृत संस्थेनं अर्ज जरूर करावा.